मिठाला जागलेली

ऑरिन हॅल्व्हर्सनची गाडी लिफ्टवर चढवली,
खालून टॉर्च मारला,
आणि दाराखालच्या पत्र्यातून
माझं बोट आरपार गेलं.
एकोणीस हिवाळे.
डलूथच्या उभ्या उतारांवर
बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ
तिनं खाल्लं की मिठानं तिला,
आता सांगता येणार नाही.
एवढं खरं, की मिठाला जागली.

"किती?" त्यानं विचारलं.
पैसे नव्हे, दिवस.
"बर्फ पडेपर्यंत," मी म्हणाले.

तो पियानोंचे सूर लावतो.
मागच्या सीटवर हातोडी, नमद्याच्या पट्ट्या,
एक थर्मास, कॉफी कालची.
शाळांचे पियानो, चर्चचे,
तळ्याकाठच्या एका म्हातारीचा, जो कुणी वाजवत नाही
पण वर्षातून दोनदा सुरात हवा असतो.
एवढ्या कामाला वळणावर अशी बिलगणारी गाडी
लागतेच कशाला,
हे इंगानं, त्याच्या बायकोनं,
चौदा वर्षं विचारलं.
पंधराव्या वर्षी किल्ली स्वतः घेतली,
उशिरा परतली,
आणि विचारणंच सोडलं.

"ऐली, शनिवारी तू चल. मला इंजिनातलं कळत नाही."
खोटं. त्याला कानानं सगळं कळतं.

पहिली जर्मन. परातीएवढा पडदा.
बटण दाबलं, इंजिन गुरगुरलं.
त्यानं मान तिरकी केली,
बेसूर तार ऐकल्यावर करतो तशी.
"हे कोण गातंय?"
"स्पीकर, सर," विक्रेत्यानं कौतुकानं सांगितलं.
ऑरिन खाली उतरला. आभार मानले. इतकंच.

दुसरी जपानी, आणि मला आवडली.
जन्मभर तक्रार करणार नाही अशी,
सुटे भाग मिळतील, हातही काळे होणार नाहीत.
त्यानं दार लावलं. उघडलं. लावलं.
पाचव्यांदा विक्रेता माझ्याकडे बघू लागला.
"पांढरी चार," तो म्हणाला, "पण पोकळ."

तिसरी पुलापलीकडे, विस्कॉन्सिनात,
एका दंतवैद्याच्या गॅरेजात,
चार वर्षांची, गर्द निळी,
आणि पायाशी तीन पेडल.

इथं मला बोलायला हवं होतं.
इंगानं फोन करून बजावलं होतं:
डावा गुडघा गेलाय, नोव्हेंबरात ऑपरेशन,
क्लचवाली घेऊ देऊ नकोस.
मी हो म्हणाले होते.
ग्रीस लागलेल्या हातानं फोन धरून
माणूस कशालाही हो म्हणतो.

चढावर त्यानं क्लच दाबला
आणि ओठ घट्ट मिटले.
एक सिग्नल. दुसरा सिग्नल.
मग गाडी कडेला घेऊन म्हणाला, "तू चालव."

मी चालवली.
तो शेजारी, डोळे मिटून,
तळहात दारावर सपाट ठेवून.
दुसरा गियर. तिसरा.
तळं डावीकडे आलं, रस्ता वळला,
मी जरा जास्तच दाबली, कबूल करते,
आणि इंजिननं आवाज असा उचलला
की माझ्याच मानेवर काटा आला.

"हीच."
"आणि गुडघा?"
"नोव्हेंबरपर्यंत तो माझा आहे.
नंतर इंगाचे दोन्ही शाबूत आहेत."
डोळे अजून मिटलेलेच.
"तिनं तुला फोन केला ना?
मलाही म्हणाली होती, लाल नको."

निळी आता रोज माझ्या गॅरेजावरून जाते,
कधी तो, बहुतेक वेळा ती,
आणि ती जोरात हाकते.
बर्फाआधी मी तिच्या पोटाला तेल फासलं,
दोन थर, कोपऱ्याकोपऱ्यात.
मीठ कुणाला सोडत नाही.

जुनी मागच्या अंगणात उभी आहे.
भंगारवाला मंगळवारी येतो म्हणाला होता,
असे तीन मंगळवार झाले.
काल बंद करताना मी तिचं दार लावून पाहिलं.
मला सुरातलं ओ की ठो कळत नाही.
तरी पुन्हा उघडलं,
पुन्हा लावलं.