बशीखाली

जुलैचा शेवटचा आठवडा आला
की गणपती पेठेतल्या आमच्या जिन्याला
मार्केट यार्डाचा वास लागतो.
हळदीचे अडते फाइलींवर पिवळी बोटं उमटवून जातात.
आरवाडे शेठ बेदाण्याचं खोकं टेबलावर ठेवतात,
पण वरचा हात काढत नाहीत.
"तेवढं गोडाऊनच्या भाड्याचं बघा की, मॅडम."
मी "बघते" म्हटलं की हात उचलतो.
"बघते" म्हणजे काय, ते दोघांनाही ठाऊक नसतं.

बिरनाळे सरांचा नियम माझ्याआधीचा आहे:
खायचं असेल ते ठेवा,
मोजायचं असेल ते परत.
एकोणीस वर्षांत मी एक पाकीट जिना उतरून परत दिलंय,
आणि एक साडी,
जी खायची का मोजायची
यावर सरही गप्प बसले होते.

त्या दुपारी पोर्टल नुसतं गोल गोल फिरत होतं
आणि समोर मलगोंडा हारगे.
मिरज रोडच्या परमिट रूममध्ये वेटर, वय अठ्ठावन्न.
आईची जागा रस्त्यात गेली, पैसे बँकेत ठेवले,
कसलासा फॉर्म द्यायचा राहिला, बँकेनं कर कापला.
चार हजार तीनशे दहा.
ते परत मिळतात हे एका गिऱ्हाइकानं तिसऱ्या पेगला सांगितलं,
म्हणून खरं वाटत नव्हतं.

पगार विचारला, सांगितला.
मग आवाज उतरवून स्वतःच,
"आन् टिपंचं काय लिवायचं?"

लपवायचं कसं, हे विचारणारे रोज येतात.
लिहायचं कसं, हे मला पहिल्यांदा कुणी विचारलं.
"महिन्याला किती होते?"
"मोजत न्हाई ओ.
मोजली की कमी वाटती."

इतर उत्पन्नाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
शेवटी आम्ही दोघांनी मिळून अंदाज बांधला:
लग्नसराई बरी, श्रावण कोरडा,
कारखान्याचं बिल निघालं की आठवडाभर सगळे सढळ,
गणपतीत काहीच नाही.
"आन् भांडण झालं तर?"
"तर?"
"तर जादा. समजूत काढली म्हणून."
तेही धरलं.

चहा आला.
त्यांना बसून पिता येईना.
उभ्या उभ्या संपवला,
स्वतःचा कप उचलला,
शेजारच्या टेबलावरचे दोन सहज बोटांत अडकवले
आणि दाराशी ट्रेमध्ये ठेवून आले.
माझा तेवढा राहू दिला.

का, ते कळलं ते जिना उतरून गेल्यावर.
बशीखाली वीसची नोट,
चार घड्या,
घडीत बडीशेपेचा एक दाणा.
कधी ठेवली? मी तर समोरच होते.
पस्तीस वर्षं ज्यानं बशीखालून उचललं,
त्यालाच ठेवावं कसं ते माहीत.
वर हात नव्हता.
काही बघायचं नव्हतं.

मोजायचं ते परत.
पण वीस रुपये घेऊन त्या माणसामागं
रस्त्यानं पळत जायचं,
म्हणजे नक्की काय परत द्यायचं?

सदूला पाठवून भडंग आणलं,
तळलेला लसूण जादा मागून घेतला,
आणि सरांच्या पुढ्यातच कागद पसरला.
"कुणाकडून?"
"खायचं आहे," मी म्हटलं.
दाणा कीबोर्डमध्ये कुठंतरी पडला, तो अजून तिथंच असेल.

सप्टेंबरात परतावा जमा झाला. फोन लावला.
मागे ग्लास, बर्फ, कुणाचं तरी मोठ्यानं हसणं.
"आले व्हय? बरं झालं..."
तेवढ्यात कुणी टाळी वाजवून हाक मारली
आणि फोन बंद करायचा राहून गेला.
मलाही ठेवता येईना.
त्यांच्या खिशातून ऐकू येत राहिलं:
चपला, चार पावलं, थांबणं,
"बोला साहेब."