चौतीस अंश समुद्र

रास अल खैमाच्या खाडीकाठी आमची शाळा.
पूर्वी इथे खडीच्या कंपनीचं गोदाम होतं,
अजून पंखा लावला की पांढरी भुकटी झडते
आणि पोरांच्या निळ्या बॉयलरसूटवर बसते.

यंदापासून अभ्यासक्रम नवा:
डेक आणि इंजिन एकाच डोक्यात.
सकाळी नकाशा, दुपारी पिस्टन.
वरच्याने खाली उतरायचं, खालच्याने वर चढायचं,
शिकवणाऱ्यांनीसुद्धा.

म्हणून मी, भार्गव टेमकर, वय छप्पन्न,
सेकंड इंजिनिअर म्हणून उतरलेला,
शेवटच्या बाकावर वही उघडून बसलोय
आणि बाणकोटची शबनूर परकार,
सत्तावीस वर्षांची, तीन बोटी करून आलेली,
मला ध्रुव कुठे असतो ते सांगते आहे.

एकतीस वर्षं.
गावात म्हणायचे, याने केवढा समुद्र पाहिला!
मी पाहिला तो एका काट्यात.
थंड पाण्याच्या पाइपावर चौतीस अंश
म्हणजे ऑगस्टातलं आखात.
अकरा म्हणजे उत्तरेला कुठेतरी आलो असणार.
लाट ओळखायचो
चहा कुठल्या बाजूला सांडतो त्यावरून.

वरचे आम्हाला तेलकट म्हणत,
आम्ही त्यांना खिडकीवाले.
जेवायची टेबलं दोन,
पत्त्यांचे डाव दोन,
एकाच बोटीवर दोन वाड्या
आणि मध्ये एक टेलिफोन.

त्याच टेलिफोनवर, बहारीनच्या अलीकडे,
पहाटे साडेतीनला:
पूर्ण मागे.
म्हटलं, दोन मिनिटं द्या, शाफ्ट अजून पुढेच फिरतोय.
तो म्हणाला, टेमकर, समोर लाँच आहे.
म्हटलं, माझ्यासमोर काटा आहे.

काय पण उत्तर.

लाँचवर किती जण होते
ते मला सकाळी नाश्त्याला कळलं.
चौकशीत आम्हा दोघांचंही बरोबर ठरलं,
तो त्याच्या पुस्तकाप्रमाणे, मी माझ्या.

शबनूर विचारते, सर,
दोघांचं काम एकाने केलं तर पगार किती?
वर्ग हसतो.
मालकांचं गणित मलाही समजतं,
चौदा बंकांच्या जागी नऊ.
पोरं झोपणार कधी, हा धडा कुठल्या सत्रात आहे,
असं मी लेखी विचारलंय.
उत्तर यायचं आहे.

तरी मगरिबनंतर गच्चीवर जातो.
हवेत धूळ, क्षितिज पुसट,
सेक्स्टंट हातात लटलटतो.
सव्वीसच्या जरा खाली, ती वाचून दाखवते,
अंश.
अंश म्हटलं की मला अजून उष्णताच आठवते.
ती म्हणते, हा तापत नाही सर,
हा फक्त सांगतो आपण कुठे आहोत.

एवढ्यात खाडीच्या तोंडातून
काहीतरी धडधडत बाहेर निघतं.
मी न बघता म्हणतो,
जुनं लाँच, चार सिलिंडर, एक चुकतोय.
ती दुर्बीण लावते,
बराच वेळ काही बोलत नाही.
मग म्हणते,
दिवा नाही, सर.
त्यांनी दिवाच लावलेला नाही.