खोटी पट्टी

तमाम लोकांस कळविण्यात येते की
कै. ज्ञानदेव बंडू सुतार, राहणार टाकाळा, कोल्हापूर,
यांच्या मालकीची खालील वर्णनाची मिळकत...
खाली वर्णन: पूर्वेस रस्ता, पश्चिमेस माळवदे,
दक्षिणेस बोळ, उत्तरेस सार्वजनिक गटर.

मुल्ला वकील म्हणाले, पंधरा दिवस थांबायचं.
मृत्युपत्र आहे एवढ्यानं भागत नाही,
घेणारणीच्या बँकेला कोर्टाचा शिक्का हवा.
म्हणून कसबा बावड्याला तारीख, आणि दर शनिवारी
मी सांगलीहून येते, कुलूप काढते, खिडक्या उघडते,
नळ वाहू देते गंजाचं लाल पाणी जाईपर्यंत.
घरफाळा भरला मार्चअखेरचा.
पावती आप्पांच्याच नावानं निघाली.
खिडकीतला पोरगा म्हणाला,
'त्यांना सांगा, पुढच्या वर्षी ऑनलाइन भरा.'
सांगते म्हटलं.

शालनताईनं हक्कसोड पत्रावर सही केली
न वाचता, माझा डबा भरता भरता.
उदयनं पुण्यात तीनदा वाचलं, मग फोन:
'फॅन धरलेत का किमतीत?'
धरलेत. दोन.

मग बँकेचा मोजणीवाला.
कागदावर चोवीस बाय वीस.
त्याच्या टेपवर चोवीस फूट तीन इंच,
वीस फूट अडीच इंच.
'दहा चौरस फूट जादा भरतंय,' तो म्हणाला,
'कुणाच्या हद्दीत सरकलाय म्हातारा?'
मी माळवदेंच्या बाजूच्या भिंतीकडं बघितलं
चोराच्या पोरीसारखं.

तेराव्या दिवशी इलाहीचाचा आले.
नोटिशीचं कात्रण खिशात, चार घड्या घातलेलं.
मला वाटलं, आली हरकत. उसने असतील काही.
'हरकत कसली गं? च्या ठेव.'
उद्यमनगरच्या फाउंड्रीत ते साचे भरायचे,
आप्पा त्या साच्यांसाठी लाकडाचे नमुने घडवायचे.
'तुझ्या बापाकडं एक खोटी पट्टी हुती.
हाय का अजून?'

होती. माळ्यावर, पटाशांच्या पेटीत.
पितळी. त्यावर बारा इंच कोरलेले,
आणि शाळेतली पट्टी शेजारी धरली तर
बारा इंचांनंतर एक सूत पुढं.

'लोखंडाचा रस निवला की आवळतो.
फुटाला एक सूत. म्हणून नमुनाच तेवढा मोठा करायचा.
पट्टीच खोटी ठेवली की
डोक्याला हिशोब न्हाई.'

मी जमिनीवर पट्टी टाकत गेले,
चाचा गुडघ्यावर हात देऊन खडूची खूण करत मागून,
भिंतीपासून, कॉटच्या रिकाम्या जागेतून,
देव्हारा होता तिथून, भिंतीपर्यंत.
चोवीस. बरोबर चोवीस.
आडवं वीस.

पाया आखताना हाताला आली तीच घेतली असणार.
की घरही कधीतरी निवतं, आवळतं,
हे धरून चालले होते आप्पा?
मी विचारलं तसं चाचांना.
त्यांनी बशीतल्या चहावर फुंकर मारली.
'माप चुकायचा माणूस न्हवता,' एवढंच म्हणाले,
आणि जाताना पट्टी स्टुलावरच विसरले.
ज्या पट्टीसाठी आले होते, ती.

बँकेला खोटी पट्टी चालत नाही.
मुल्ला वकिलांनी प्रतिज्ञापत्र केलं,
माळवदे वहिनींनी ना हरकत सही करून दिली,
वर म्हणाल्या, 'अडीच इंचात मी काय ऊस लावू?'

पंधरा दिवस झाले. सोळावाही.
पट्टी कुठल्याच यादीत नाही,
तिला तीन वारस आहेत,
आणि सध्या ती माझ्या पर्समध्ये, तिरकी.

काल घेणारीण पुन्हा येऊन गेली,
नेसरीची मास्तरीण, सोबत आई.
कोनाड्यापुढं उभी राहून वितीनं मोजत होती
आईचं जुनं कपाट इथं बसेल का.
एक वीत, दोन, तीन, आणि चार बोटं.
मग माझ्याकडं बघितलं.

बसेल, म्हटलं.
थोडी जागा उरेलसुद्धा.