पाऊणकी

धायरीत, तिसऱ्या मजल्यावर, हॉलमध्ये
फुगवलेली कयाक सोफ्याला टेकून उभी आहे
आणि टीव्ही दिसेनासा झालाय.
रंग नारिंगी. माणसं दोन.
सगळं मिळून एकशे ऐंशी किलो, असं खोक्यावर छापलंय.

सासरे खाली बसलेत, पाय लांब करून, मांडीवर पंचांग.
जीवन पागधरे, वय बहात्तर, डावा गुडघा नवा.
छत्तीस वर्षं पीएमटी चालवली,
त्याआधीची बावीस बाणकोटच्या खाडीत.
"भरती किती वाजता?" विचारतात.
मी मोबाईल उघडते. ते मान हलवतात.
"तिथीची पाऊणपट कर.
चतुर्थीला, चार पाऊणे तीन. तीनला खाडी भरलेली.
पाऊणकी शिकवली नाही तुमच्या पेठेत?"
नाही शिकवली.
पेठेत पाणी नळाला यायचं, तेही तिथीवर नाही.

यतीनला अमावस्या हवी.
अंधाराची चिंबोरी गच्च भरलेली,
चांदण्यातली पोकळ, नुसती नांगी चोखत बसा.
हे त्याला बापानंच सांगितलेलं, आता बापच फिरलाय:
"अमावस्येला उधाण. ओहोटीला खाडी अशी खेचते,
कात्रजच्या उतारावर ब्रेक गेल्यासारखी.
अष्टमीला जा. भांगाचं पाणी, शहाणं असतं."
"अष्टमीला चिंबोरी अर्धी."
"असू दे. तू तरी अख्खा येशील."

चहा झाला. परत चहा झाला.
शेवटी वद्य दशमीवर दोघे थांबले,
चंद्र उतरलेला, पाणी अजून चढलेलं नाही.
दहा पाऊणे साडेसात.
म्हणजे सहाला वेसवीहून उतरायचं,
भरतीच्या पाठीवर बसून कांदळापर्यंत जायचं,
वाटेत फग सोडत.
साडेसातला पाणी उभं राहील, थोडाच वेळ,
तेवढ्यात जिताड्यासाठी गळ टाकायचा.
मग ओहोटी लागली की फग उचलत परत.
"धक्का दिसला की थांबायचं," बाबा म्हणाले.
"त्याच्या पुढे आपलं काही नाही."

मी यादी लिहिते.
फग सहा (नाना पेठेतून सायकलच्या जुन्या रिमा आणल्यात,
जाळं बाबा विणतायत, बातम्या न बघता,
कारण बातम्या कयाकच्या मागे आहेत).
बोहरी आळीतली दोरी. तेलाचे रिकामे कॅन, तरंगायला.
धायरी फाट्यावरून कोंबडीची मुंडकी,
दुकानदार म्हणाला, कुत्री किती पाळलीयत?
नांग्या बांधायला सुतळी.
लाइफ जॅकेट दोन.

दोन.
इथं सगळे गप्प झाले.
यतीन चौऱ्याऐंशी. मी एकसष्ट.
पाणी, फग, बादली मिळून पंधरा.
एकशे साठ. राहिले वीस.
"छान," यतीन म्हणाला, "बाबा धक्क्यावर थांबतील, गाडीपाशी."
बाबांनी पंचांग मिटलं.

त्यांनी कयाक आडवी केली, फरशीवर,
भिंतीला हात लावून आधी उजवा पाय आत,
मग नवा गुडघा, जपून,
आणि मागच्या जागेवर बसले.
वल्हं मागितलं नाही. कोपऱ्यातली मोप घेतली,
एकाच बाजूनं वल्हवू लागले, मनगट वळवून,
टोक सरळ ठेवायला प्रत्येक वेळी जरासं बाहेर.
आम्ही कधी पाहिलं नव्हतं ते मनगट.
बसमध्ये त्याचा काय उपयोग?

मी परत हिशेब केला.
मी एकसष्ट. बाबा अठ्ठावन्न. सामान पंधरा.
राहिले सेहेचाळीस किलो.
"इतक्या चिंबोऱ्या कोण खाणार?" यतीन पुटपुटला,
आणि गाडीची किल्ली खिशात टाकली.
त्याला कळलं होतं धक्क्यावर कोण थांबणार.

खालून वॉचमन ओरडला, पाणी आलं!
बिल्डिंगभर बादल्या सरकल्या.
"भरती," बाबा कयाकमधूनच म्हणाले,
मोप न थांबवता.

सकाळी उठले तर हवा गेली होती थोडी.
कयाक वाकलेली,
तिच्यावरून टीव्हीचा वरचा काठ दिसत होता.
यादीच्या तळाशी मी लिहिलं:
पंक्चरचं सामान.
त्याखाली बाबांच्या अक्षरात, पेन्सिलनं, आधीच होतं:
पंपसुद्धा.