घोडा, डबा, वही

हिवाळ्यात आमचं काम उलटं असतं.
मालुतीचा सगळा डोंगर बर्फानं पांढरा,
आणि लिमाकात्सो सिस्टर स्वतःची घोंगडी काढून
लशीच्या डब्याभोवती गुंडाळते.
गोठली की वाया गेली, म्हणते.
शंका आली की बाटली हलवून उन्हात धरते,
कण तळाशी बसले तर ती बाजूला, न बोलता.
सेंकू नदी ओलांडताना मी घोड्याशी बोलतो,
ती डब्याशी.

मी मोलापो. घोडा माझा.
पैसे सरकारचे, येतील तेव्हा.

वरच्या वस्तीत बाया दारात उभ्या असतात, वह्या घेऊन.
लेसोथोत प्रत्येकाची एक वही, जन्मापासूनची.
कुणी ती मक्याच्या पिठात ठेवतं,
एकीनं तर छपराच्या गवतात खोचलेली,
पानांना धुराचा वास.
जन्मल्याबरोबर दंडावर एक, जिभेवर दोन थेंब.
मग सहा आठवडे, दहा, चौदा.
बाळ आधी सुईकडे बघतं,
मग आईकडे,
आणि रडतं ते आईवर रागावून.

माखोत्सोच्या घरी दोन वह्या.
एक चालू आहे.
दुसरीत नवव्या महिन्याचा चौकोन कोरा.
त्या आठवड्यात नदीला पूर होता,
घोडा हाच होता,
आणि मीच म्हटलं होतं, पुढच्या आठवड्यात जाऊ.
गोवर वाट विचारत आला नाही.
तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही,
चहात साखर जास्तच घालते.
अजून सगळे तिला खोत्सोची आई म्हणूनच हाक मारतात,
आमच्यात पहिल्या मुलाचं नाव आईला चिकटतं,
सुटत नाही.

धाकटी पुसेलेत्सो. म्हणजे, परत दिलेलं.
दहा वर्षांची, शाळेच्या रांगेत पुढे,
बाही खांद्यापर्यंत वर.
ही कशाची?
बाई झालीस की होऊ शकतो, त्या आजाराची.
मग आत्ताच का?
सिस्टर कापूस शोधता शोधता म्हणाली,
छप्पर कधी शाकारतात गं? पाऊस आल्यावर?

संध्याकाळी, दोन गरोदर बायांचं झाल्यावर,
तिची नजर माझ्या हाताकडे गेली.
कुंपणाची गंजकी तार, सकाळचीच.
वही कुठाय?
माझ्या वेळी कुठल्या वह्या, म्हटलं.
धनुर्वात वय विचारत नाही, मोलापो.
मी सुईकडे बघितलं,
मग तिच्याकडे.
रडलो नाही, पण राग आला हे खरं.

तिनं नवी वही काढली. नाव लिहिलं.
वय अठ्ठावन्न. पहिला चौकोन.
दुसरी चार आठवड्यांनी, म्हणाली.
नदी असो नसो.

घरी ती कुठं ठेवावी सुचेना.
पिठात ओल, छपरात उंदीर.
खोगिराच्या पिशवीत ठेवली आहे,
नालाच्या खिळ्यांशेजारी.