कूलर

मे महिन्यात त्रास वाढतो.
कूलर लावला की आतून
माणसं बोलू लागतात, माझंच नाव घेऊन.
गोळी सकाळी एक, रात्री दोन.
तरी आई कूलर बंदच ठेवायची,
दोघं सत्तेचाळीस डिग्रीत उकडत बसायचो.

शालिक मेश्राम इंदोऱ्यात कूलर दुरुस्त करतो.
परवा आला, जाळी काढली,
कान लावून ऐकत राहिला.
"मले तं नुसती मोटर ऐकू येते बे.
तुले काय म्हनतात?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

मी सांगितलं. सगळं नाही.
त्यानं पंप साफ केला, वाळा भिजवला,
भिंतीला पाठ टेकून बसला.

लाइट गेली.
आतली माणसं गप्प झाली.
एक आहे अजून, मी म्हटलं.
"असू दे," शालिक म्हणाला,
"मी बी आहो."