शेणी

कपाटाच्या खालच्या कप्प्यात तीन उपरणी होती,
तीन रंगांची. साहेब एकच.
शालननं एकाचं फडकं केलं,
एक लोणच्याच्या बरणीला बांधलं,
तिसरं मी मागून घेतलं.

बावीस वर्षं बूथ सांभाळला.
कुंभार गल्ली, नाल्याच्या अलीकडची सहाशे चाळीस मतं.
यादीत नावापुढं पेन्सिलीनं खूण:
बरोबर म्हणजे आपला, फुली म्हणजे त्यांचा,
टिंब म्हणजे आदल्या रात्री जायचं.
माणूस समोर आला की आधी खूण दिसायची.
मामाच्या थोरल्यापुढं मीच फुली मारलेली.
त्याच्या लग्नात जेवलो, तरी खोडली नाही.

मग ते पुराचं साल.
न रंगवलेले गणपती माळ्यावर
आणि माळ्यापर्यंत पाणी.
होडी तयार, पिशव्या तयार, दूध, बिस्किटं, मेणबत्त्या.
फोन आला : थांबा, स्टिकर येतोय.
थांबलो.
कोण थांबलं विचारू नका, वल्हं माझ्याच हातात होतं.
दोन तास.
पलीकडं पत्र्यावर अनसाबाई, मांडीवर शेळीचं करडू.
तिनं हाक मारली नाही.
ती आम्हाला बघत होती, आम्ही रस्त्याकडं.
पिशवी दिली तेव्हा म्हणाली,
"दूध तेवढं काढून दे लेकरा, करडाला.
फोटूची पिशवी न्हे माघारी."

त्या दिवशी सोडलं असतं तर सांगायला बरं होतं.
नाही सोडलं. अजून दोन निवडणुका केल्या.
काहिलीला लागलेला गूळ
एका खरवडीत निघत नाही.
एका सकाळी गंगावेशीत दूध पिताना पेपरात बघितलं :
ज्यांच्या काठीनं मला सात टाके पडले
त्यांच्या खांद्यावर साहेबांचा हात.
पेला तसाच ठेवला. वर फेस होता.

आता रविवारी पंचगंगेच्या स्मशानात जातो.
ट्रॉलीतून शेणी येतात,
होळी लहान करून तालमीनं वाचवलेल्या,
कुणी बापाच्या वर्षश्राद्धाला दिलेल्या हजार.
उतरायच्या, मोजायच्या, कोरड्यात रचायच्या.
इथं जळायला कुणालाच पैसा पडत नाही.
टेंपो रसूल मुजावरचा, डिझेलही त्याचंच.
"आमचं पुरायचं," म्हणतो, "तुमचं जळायचं.
तुम्हाला वाळकं लागतंय की, भावा."
पाटीखाली चुंबळीला ते तिसरं उपरणं.

मध्ये एकजण सत्काराचं विचारायला आला,
फ्लेक्स लावूया म्हणाला, चौकात.
त्याला एक पाटी उचलायला दिली.
परत आला नाही.

परवा नोंदवही माझ्याकडं होती.
नाव, वय, गल्ली. कुंभार अनसाबाई दत्तू, एक्क्याऐंशी.
लिहून झालं तरी हात नावापुढं थांबला,
जुन्या सवयीनं.
तिची खूण काय होती आठवेना.
टिंब असावं. आदल्या रात्री गेलो असणार.

हे काही समाजकार्य वगैरे नाही.
मेलेल्यांचं सोपं असतं, ती तक्रार करत नाहीत.
जिवंतांचा नाला अजून तुंबतोय,
त्याला शेणी कामाच्या नाहीत.
वॉर्ड ऑफिसात अर्ज दिलाय, साध्या कागदावर,
कुणाचं पत्र न जोडता.
कारकून म्हणाला, "शिफारस कुणाची?"
म्हटलं, घर क्रमांक लिहिलाय खाली.
तिसरी खेप आहे ही.
सोमवारी पुन्हा जाणार.